कृपया दुसऱ्या बाजूने जावे

नव्या प्रसिद्धीप्रमुख बाईंचं जंगी स्वागत करायचं, असं पादचारी हक्क समितीत एकमताने ठरलं, तेव्हा एक साधी गोष्ट कुणाच्याच ध्यानात आली नाही. समितीला स्वागत करता येत नव्हतं. निषेध करता येत होता. धरणं धरता येत होतं. पालिकेच्या पायऱ्यांवर ठाण मांडून बसता येत होतं. काळ्या फिती तर एकमेकांच्या दंडावर इतक्या झटपट बांधता येत होत्या, की एखाद्या नर्सनेही बघत राहावं. पण आलेल्या माणसाला 'या, बसा' म्हणायचा प्रसंग समितीवर कधी आलाच नव्हता. बैठकीला जे कुणी येत ते उशिरा येत, आणि त्यांना 'आता उगवलात?' असं विचारायचा प्रघात होता.

स्वागताची जबाबदारी आत्यांवर पडली. ठरावात तसं कुठे म्हटलं नव्हतं, पण जी कामं कुणावरच पडत नसत ती आत्यांवर पडत.

आत्या कुणाच्याच सख्ख्या आत्या नव्हत्या. भाऊच नाही, तर भाचरं कुठून असणार? एका मोठ्या हॉस्पिटलच्या टेलिफोन एक्स्चेंजवर त्यांनी नोकरी केली होती, आणि सारी हयात दुसऱ्यांचे फोन दुसऱ्यांना जोडून देण्यात घालवली होती. आवाज मऊ आणि धीराचा. 'घाबरू नका, जोडून देते,' हे त्यांचं वाक्य शहरातल्या कितीतरी जणांनी आपल्या सगळ्यात वाईट घटकेला ऐकलेलं होतं. चेहरा मात्र कुणी पाहिलेला नव्हता. कधी दुकानात त्यांनी साबण मागितला, की शेजारी उभा असलेला एखादा गर्रकन वळायचा, "अहो, म्हणजे तुम्हीच त्या आवाजाच्या!" म्हणायचा, आणि मग त्यांना वरपासून खालपर्यंत बघून जरासा हिरमुसायचा. आत्यांनी याचं कधी वाईट वाटून घेतलं नाही. म्हणजे घेतलं, पण घरी जाऊन.

आत्यांचा एक नेम होता. रोज निजायच्या आत एका तरी माणसाशी आपणहून एक तरी चांगला शब्द बोलायचा. देवासमोर बसून घेतलेला नेम, त्यात मोडतोड नाही. नोकरीत असताना हा नेम सकाळच्या पहिल्या घटकेतच पुरा होऊन वर भरपूर उरायचा. निवृत्त झाल्यावर लक्षात आलं, की चांगला शब्द आपल्याकडे पुष्कळ आहे, माणूस नाही. दूधवाला पिशवी दाराला अडकवून जातो. शेजारच्या फ्लॅटमधले लोक लिफ्टमध्ये छताकडे बघतात. घरचा फोन वाजला तर तो बहुतेक रॉंग नंबर असायचा, आणि आत्यांना त्याचाही आनंद व्हायचा. "काही हरकत नाही हो, होतं असं. दिवस चांगला जावो तुमचा," म्हणून त्या फोन ठेवायच्या. नेम पुरा. पण रॉंग नंबरवर किती दिवस काढणार?

म्हणून त्या समितीत आल्या. फुटपाथ चालणाऱ्यांचा असावा, त्यावर गाड्या, टपऱ्या आणि सिमेंटची पोती नसावीत, एवढीच समितीची मागणी. शिंप्याच्या दुकानावरची एक खोली हे समितीचं कार्यालय. खोलीत एक टेबल, एक फोन, कोपऱ्यात जुन्या फलकांची चवड आणि चहाची शेगडी. किल्ली आत्यांकडे. दिवसा बैठका, वादावादी. पण आत्यांचा खरा जीव अडकला होता तो संध्याकाळी. सगळे पांगले, की प्रसिद्धीप्रमुख एकटा बसून वर्तमानपत्रांसाठी बातमी लिहायचा, आणि छापायला पाठवण्याआधी ती आत्यांना वाचून दाखवायचा. "आत्या, तुमचा कान तयार आहे. कसं वाटतंय सांगा." आत्या डोळे मिटून ऐकायच्या आणि म्हणायच्या, "तिसरं वाक्य फार ओरडतंय." मग तो ते वाक्य खाली बसवायचा. बातमी सहसा छापून येत नसे. पण संध्याकाळ जायची.

प्रसिद्धीप्रमुख मात्र टिकत नसत. एकाला पालिकेतच नोकरी लागली. दुसऱ्याने गाडी घेतली, आणि पहिल्याच दिवशी ती फुटपाथवर लावली. त्यानंतर कितीतरी महिने जागा रिकामीच होती, आणि संध्याकाळी आत्या खोलीत एकट्या बसून शेगडीवर अर्धा कप चहा करत होत्या. अर्धा कप चहा नीट होत नाही. एक तर आटतो, नाहीतर पाणचट लागतो.

आता या नव्या बाई येणार होत्या. परगावच्या. तिकडे एका वर्तमानपत्रात होत्या, ते बंद पडलं, म्हणून इकडे यायला तयार झाल्या होत्या. समितीतल्या कुणीच त्यांना पाहिलेलं नव्हतं, सगळं पत्रांवर ठरलं होतं. अध्यक्षांनी मात्र बैठकीत चष्मा पुसत एक वाक्य टाकलं होतं, "या वेळी माणूस टिकला नाही, तर खोली शिंप्याला परत करू. संध्याकाळी दिवा जाळत बसायला आपल्याकडे काय आहे? बैठका माझ्या हॉलमध्ये घेता येतील." सगळ्यांनी माना डोलावल्या. कुणाच्या दृष्टीने ती खोली होती, कुणाच्या दृष्टीने दिवा. आत्यांच्या दृष्टीने काय होतं, ते कुणी विचारलं नाही.

तेव्हा बाई टिकल्या पाहिजेत, आणि टिकायच्या तर पहिल्या दिवशी त्यांना वाटलं पाहिजे की इथे आपली कुणी वाट बघत होतं. आत्यांचा हिशोब सरळ होता. त्यांना स्वतःला वाटत होतं, की बाई आल्या की जिन्यात उभं राहावं, हातात गुच्छ द्यावा आणि गरम चहा पुढे करावा. पण हे त्यांनी बैठकीत बोलून दाखवलं, आणि तिथेच चुकलं. समितीत सूचना मांडली की ती मांडणाऱ्याची राहत नाही.

"जिन्यात?" अध्यक्ष म्हणाले. "अहो आत्या, जिन्यात माणूस मावतो, स्वागत मावत नाही. कमान पाहिजे! दर्शनी. भव्य."

"आणि घोषणा," घोषणाकाका म्हणाले. हे एका बँकेतले निवृत्त रोखपाल. अंगाने काडी, आवाजाने नगारा. उभ्या आयुष्यात खिडकीमागे बसून 'पुढचा' याखेरीज काही बोलायला न मिळालेला माणूस. इथे येऊन सुटला होता. त्यांनी लगेच उभं राहून तालीमच सुरू केली. "आमच्या नव्या प्रसिद्धीप्रमुख बाईंचाऽऽ—"

"धिक्कार असो!" सगळी बैठक एका सुरात म्हणाली.

मग खजिनदार हळूच म्हणाले, "सवय हो. जीभ आपोआप तिकडे जाते."

"विजय असो, विजय!" काका कळवळले. "पुन्हा!" पुन्हा झालं. या वेळी निम्म्यांनी विजय म्हटलं आणि निम्म्यांनी धिक्कार, आणि अध्यक्षांनी निर्णय दिला की प्रगती आहे.

कमानीवर लावायचं कापड नव्हतं. म्हणजे होतं, भरपूर होतं, पण त्या सगळ्यावर आधीच काहीतरी लिहिलेलं होतं. खाली शिंपी शिवता शिवता म्हणाला, "नवं कशाला आणता, आत्या? जुनं उलटं करा. मी तर कोट उलटून देतो लोकांना, बायको ओळखत नाही." रंगाऱ्यालाही ते पटलं. त्याने चवडीतलं सगळ्यात लांब कापड ओढून काढलं. एका बड्या बिल्डरने फुटपाथवर भिंत घातली होती, त्याच्याविरुद्धच्या मोर्चातलं. पुढच्या बाजूला लाल अक्षरांत 'परत जा! परत जा!' त्याने ते पालथं घालून मागच्या कोऱ्या बाजूवर 'आपले सहर्ष स्वागत' रंगवलं. बिचाऱ्याने आयुष्यात हसरं अक्षर काढलं नव्हतं. स्वागताच्या शेवटी सवयीने एक आवळलेली मूठ काढलीच. आत्यांनी विनवणी केल्यावर त्या मुठीत त्याने एक फूल दिलं. ते फूल कुणीतरी कुणाच्यातरी बागेतून उपटून आणल्यासारखं दिसत होतं.

"मागचं दिसणार नाही ना हो?" आत्यांनी विचारलं.

"मागून कोण येतंय, आत्या? बसथांबा पुढच्या अंगाला आहे."

होता खरा. म्हणजे परवापरवापर्यंत होता.

राहता राहिली जागा. कमान उभी करायची तर शिंप्याच्या दुकानासमोरच्या फुटपाथवर, दुसरीकडे कुठे नाही. परवानगी काढायला आत्याच गेल्या. पालिकेच्या खिडकीवरच्या कारकुनाने मान वर न करता ऐकून घेतलं.

"फुटपाथवर कमान? बाई, फुटपाथवर साधं स्टूल ठेवायचीसुद्धा बंदी आहे आता."

"कधीपासून?" आत्यांनी विचारलं. खरं तर त्यांना चांगलं ठाऊक होतं. त्या बंदीसाठी याच इमारतीच्या पायऱ्यांवर त्या उपाशीपोटी बसल्या होत्या.

"ती एक समिती आहे ना, चालणाऱ्यांची. डोकं खाल्लं हो आमचं. शेवटी साहेब म्हणाले, जे मागतील ते द्या, पण त्या ओरडणाऱ्या म्हाताऱ्याला माझ्या खिडकीखालून हलवा."

आत्यांचा चेहरा तापला. खोटं बोलणं त्यांच्याच्याने होत नसे, आणि खरं बोलायची ही वेळ नव्हती. त्यांनी नुसतं विचारलं, "मग काहीच मार्ग नाही?"

"इमारतीची दुरुस्ती असेल तर परांची उभारता येते. लोखंडी नळ्यांची. तिच्यावर तुम्ही काय टांगता ते मला दिसत नाही. पण दोर बांधावा लागेल, आणि 'धोका, काम चालू आहे, कृपया दुसऱ्या बाजूने जावे' अशी पाटी. आहे दुरुस्ती?"

आत्यांनी प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. "जिन्याची एक पायरी डुगडुगते."

"झालं तर!" म्हणत कारकुनाने परवानगी लिहून दिली. ती हातात घेताना आत्यांना आजचा नेम आठवला. "तुमचं अक्षर फार सुरेख आहे हो," त्या म्हणाल्या. कारकुनाने पहिल्यांदा मान वर केली. "खरंच?" तो म्हणाला, आणि स्वतःच लिहिलेल्या कागदाकडे असा बघत राहिला, जणू तो कागद त्याला आजच भेटला होता. मागची रांग खोळंबली. आत्या हलक्या पावलांनी घरी आल्या.

परवानगी खोटी पडू नये म्हणून आदल्या दिवशी नळ्या आणून टाकणाऱ्या माणसाकडून त्यांनी ती पायरी खिळे ठोकून घट्ट करून घेतली. देवापुढे हात जोडून म्हणाल्या, बघ हो, दुरुस्तीच आहे. माणूस खरेपणाच्या पायी किती अडचणीत येतो, हे कळायला अजून वेळ होता.

तो दिवस उजाडला. नळ्यांची कमान उभी राहिली, वर कापड चढलं, खाली दोर बांधला, दोराला पाटी. शिंपी दुकानाच्या दारातून सगळ्यांना सल्ले देत होता. वरच्या मजल्यावरची एक बाई खिडकीतून म्हणत होती, "गुच्छात पिवळी फुलं घालू नका हो आत्या, माझ्या नणंदेला पिवळ्यानं शिंका येतात." तिची नणंद तिथे नव्हती आणि येणारही नव्हती, पण आत्यांनी पिवळी फुलं काढून टाकली. उगाच कुणाला शिंक नको. अध्यक्षांनी भाषण खिशात ठेवलं, काढलं, ठेवलं. समितीचे झाडून सगळे सभासद कमानीखाली दाटीवाटीने उभे राहिले. फुटपाथ असा तुंबला, की बिल्डरची भिंत परवडली.

तेवढ्यात काठी टेकत एक आजोबा आले. दोरापाशी थांबले. पाटी वाचली, कमान बघितली, गर्दी बघितली.

"जायचं कुठून?"

"दुसऱ्या बाजूने, आजोबा," खजिनदार म्हणाले.

"या पायांनी रस्ता ओलांडू? लाज वाटत नाही?" आजोबांनी काठी आपटली. "ती पादचाऱ्यांची समिती कुठे असते हो इथे? तक्रारच करतो तुमची!"

एका सभासदाने मुकाट्याने जिन्याकडे बोट दाखवलं. आजोबा काठी टेकत वर चढले, आणि त्यांच्या मागोमाग आत्यांना धावावं लागलं. वर जाऊन टेबलामागे बसावं लागलं. समितीला समितीविरुद्धची तक्रार लिहून घ्यावी लागली. आजोबा नीट सांगत होते, मुद्देसूद, आत्या मान डोलावत होत्या. "योग्य आहे तुमचं," त्या म्हणाल्या, "अगदी योग्य आहे." आजोबांचा राग हळूहळू उतरला. "घरी मुलगा म्हणतो, बाबा, आता बाहेर कशाला जाता," ते म्हणाले, आणि मग तक्रार बाजूला राहिली. आत्यांनी त्यांना पाणी दिलं, हात धरून खाली आणलं, आणि शिंप्याच्या दुकानातून मागच्या दाराने पलीकडे काढून दिलं.

परत आल्या तेव्हा बाई आलेल्या नव्हत्या. बसची वेळ तर टळून गेली होती. काकांचा घसा वाट बघून बघून शिवशिवत होता. त्यांना राहवेना. "प्रसिद्धीप्रमुख बाईंचाऽऽ" करून त्यांनी उगीचच एकदा आवाज लावला, सगळ्यांच्या मुठी हवेत गेल्या, आणि विजय आणि धिक्कार यांचा एक मोठा घोळ आकाशाकडे गेला. समोरच्या फुटपाथवर बॅग घेऊन एक बाई उभ्या होत्या, त्या दचकल्या. आत्यांना त्या दिसल्या. कुणा वाटसरूला आपण घाबरवलं असं वाटून आत्यांनी गुच्छासकट हात हलवला, 'चालू द्या तुमचं' अशा अर्थी. बाई थोडा वेळ तशाच उभ्या राहिल्या. मग बॅग उचलून चालू लागल्या.

बाई आल्या नाहीत, आले ते पालिकेचे निरीक्षक. फुटपाथवर काय चाललंय म्हणून कुणीतरी फोन केला होता. (आजोबांनी नव्हे. वरच्या खिडकीतल्या बाईने. तिने ते नंतर अभिमानाने सांगितलं.)

"दुरुस्ती कुठली?" निरीक्षकांनी परवानगी वाचून विचारलं.

"दाखवते ना," आत्या म्हणाल्या आणि त्यांना त्या पायरीवर घेऊन गेल्या. निरीक्षक पायरीवर उभे राहिले. डोलून पाहिलं. उडी मारून पाहिली. पायरी पहाडासारखी.

"ही तर झालीय दुरुस्त."

"हो. काल," आत्या समाधानाने म्हणाल्या.

"म्हणजे काम संपलं. संपलं की परांची बेकायदा." त्यांनी अध्यक्षांकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू असं तेज चढलं, जणू खिडकीखालच्या सगळ्या घोषणांचं आज उट्टं निघालं. "काढा. आत्ताच. फुटपाथ चालणाऱ्यांचा असतो."

सगळे निमूटपणे नळ्या सोडू लागले. कापड खाली ओढताना ते वाऱ्याने फुगलं, आणि 'परत जा! परत जा!' रस्त्याच्या मागच्या अंगाला फडफडलं. मागच्या अंगाला बसथांबा दिसत होता. खजिनदार त्याकडे बघत राहिले. "अहो," ते म्हणाले, "थांबा इकडून तिकडे आपणच हलवून घेतला ना? मागल्या महिन्यात? फुटपाथ अडतो म्हणून?"

आत्यांना समोरच्या फुटपाथवरच्या बाई आठवल्या. बॅग आठवली. आपण हलवलेला हात आठवला, आणि त्यांना जागच्या जागी जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

अध्यक्षांनी भाषण फाडलं. "एक तर बाई आल्या नाहीत, किंवा येऊन गेल्या. दोन्ही एकच," ते म्हणाले. "शिंप्याला सांगून टाका." आणि मग जो तो आपल्या घरी गेला. स्वागताला आलेली माणसं पांगतात तेव्हा फार भरभर पांगतात. आत्या गुच्छ घेऊन वर गेल्या. चहाचं पातेलं काठोकाठ भरलेलं होतं. एवढा चहा त्यांनी इतक्या महिन्यांत केला नव्हता. त्या टेबलापाशी बसून राहिल्या. चहाकडे बघवेना, आणि ओतून टाकवेना.

फोन वाजला.

"पादचारी हक्क समिती. बोला, मी ऐकतेय."

पलीकडे एक दमलेला आवाज. "अध्यक्षांना एवढंच सांगाल का, की मी येत नाहीये? आणि माझ्यासाठी एवढ्या लोकांनी उन्हात उभं राहायला नको होतं. नुसतं कळवलं असतं, तरी मी आले नसते."

"फोन ठेवू नका," आत्या म्हणाल्या. तो त्यांचा जुना आवाज होता, एक्स्चेंजवरचा. "कुठून बोलताय?"

"थांब्याजवळच्या दुकानातून. बस येईल आता."

"घाई नाही. त्या थांब्यावर बस वेळेवर येत नाही, तो आम्हीच हलवलाय." आणि आत्यांनी सगळं सांगितलं. कापड, मूठ, मुठीतलं फूल, पायरी, आजोबा. पाटी का लावली ते. काकांची जीभ आपोआप कुठे जाते ते. काही लपवलं नाही, लपवण्यासारखं समितीने काही शिल्लकच ठेवलं नव्हतं. पलीकडून एक आवाज येऊ लागला. जन्मभर कानांवर जगलेल्या आत्यांना ते रडणं आहे की हसणं, ते ओळखू येईना. मग बाईंनी मोठा श्वास घेतला तेव्हा कळलं, की हसणं होतं. निदान शेवटी शेवटी तरी.

"गुच्छ हातात असलेल्या, त्या तुम्ही का?"

"हो."

"मला वाटलं, मला घालवल्याबद्दल तो अध्यक्षांना द्यायचा असेल." बाई म्हणाल्या. "पाटी वाचून मी दुसऱ्या बाजूला गेले. बराच वेळ उभी होते हो. या शहरात मी कुणालाच ओळखत नाही. म्हटलं, इतकी माणसं निदान आपल्याला ओळखून तरी चिडलीत."

चांगला शब्द पुष्कळ वेळा ऐनवेळी हाताशी नसतो. आत्या एवढंच म्हणाल्या, "बसने जाऊ नका. आम्हाला स्वागत येत नाही, पण आम्ही वाईट नाही."

बाईंनी 'बरं' म्हटलं. आत्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. खोली वाचली!

"काम आजपासूनच सुरू करते," बाई म्हणाल्या, त्यांच्या आवाजात आता हुरूप होता. "आणि काळजी करू नका, तुम्हाला माझ्यासाठी ऑफिस उघडं ठेवावं लागणार नाही. मी सगळं घरूनच करते. आता कुठे खोलीत बसावं लागतं? मोबाइलवरून बातमी निमिषात जाते."

पातेल्यातल्या चहावर साय धरली होती. आत्यांनी ती बघितली. "उत्तम," त्या म्हणाल्या, आणि आवाज जराही हलला नाही, इतक्या वर्षांची सवय होती. "अध्यक्षांचा नंबर सांगते. लिहून घ्या." आणखी एकदा त्यांनी एकाला दुसऱ्याशी जोडून दिलं.

बाई खरंच कामाच्या निघाल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्तमानपत्रांना बातमी दिली ती अशी: 'पादचाऱ्यांच्या समितीनेच अडवला फुटपाथ, समितीने स्वतःविरुद्धची तक्रार स्वीकारली.' समितीच्या इतिहासात पहिल्यांदा बातमी छापून आली, आणि तीही सगळीकडे. अध्यक्ष संतापून लाल झाले, मग त्यांनी बातमीसोबत आपला फोटो बघितला आणि म्हणाले, की आत्मपरीक्षण ही चळवळीची ताकद असते. सभासद वाढले. काठीवाले आजोबाही सभासद झाले, बैठकीत सगळ्यांत जास्त तेच भांडू लागले. बैठका अध्यक्षांच्या हॉलमध्ये होऊ लागल्या, कारण खोली लागत नव्हती. टिकणारी बाई मिळाली होती, पण खोली गेली ती गेलीच. आत्यांनी किल्ली शिंप्याला दिली तेव्हा तो म्हणाला, "वर दोन मशीन टाकतो. तुम्ही या की कधी, आत्या." आत्या 'येईन' म्हणाल्या. 'या की कधी' या निमंत्रणाला जायचं नसतं, हे त्यांना कळत होतं.

गुच्छ त्यांनी घरी आणला. तो पुष्कळ दिवस टिकला, पिवळी फुलं काढून टाकल्यामुळे असेल. नेम चालू होता. लिफ्टमधल्या छताकडे बघणाऱ्या माणसाला एक दिवस त्या म्हणाल्या, "तुमचे बूट छान आहेत." तो पुढच्या मजल्यावरच उतरला. त्याचा मजला तो नव्हता.

एका संध्याकाळी घरचा फोन वाजला. आत्यांनी तो घाईने उचलला, आणि पलीकडच्याला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून आधीच म्हणाल्या, "काही हरकत नाही हो, होतं असं. दिवस चांगला—"

"चुकून नाही लागलाय," प्रसिद्धीप्रमुख बाई म्हणाल्या. "तुम्हालाच केलाय. अध्यक्षांकडून नंबर घेतला. ते म्हणाले, आधीचे सगळे बातमी पाठवण्याआधी तुम्हाला वाचून दाखवायचे. आमच्याकडे पण न्यूजरूममध्ये एक होते तसे. इथे घरात वाचते, तर भिंतीला कळत नाही कुठलं वाक्य ओरडतंय. ऐकाल का?"

आत्या फोनशेजारच्या खुर्चीत बसल्या. डोळे मिटले. "वाचा."

बाईंनी वाचलं. पूल, जिने, रात्री न लागणारे दिवे. बातमी छोटी होती आणि नेटकी होती, एकही वाक्य ओरडत नव्हतं. वाचून झाल्यावर बाई थांबल्या. "कसं वाटतंय? पाठवू?"

आत्यांना पहिल्या फेरीतच सगळं नीट कळलं होतं. त्यांनी फोन दुसऱ्या कानाशी धरला.

"एकदा पुन्हा वाचा," त्या म्हणाल्या. "अगदी सुरुवातीपासून. सावकाश."